शेवटच्या रांगेतला कान

आज सकाळी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या जुड्या बघत उभी होते, तेवढ्यात ओळखीचे एक गृहस्थ भेटले. शिकलेले आहेत, सुस्थितीतले आहेत आणि तरुणपणी आमच्याबरोबर नाटके पाहायला येणाऱ्यांपैकी आहेत. बोलता बोलता केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय निघाला आणि ते अगदी सहज म्हणाले, "एका अर्थी जळालं ते बरंच झालं म्हणायचं, ताई. किती वेळा डागडुजी करणार? आता झकास एसी हॉल होईल बघा. लग्नकार्याला पण देता येईल."

मला तिथे उत्तर सुचले नाही. मी मेथीचे पैसे दिले आणि घरी आले. भाजी अजून पिशवीतच आहे आणि मी हे लिहायला बसले आहे, कारण हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकलेले नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळाले, तेव्हापासून वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या सभ्य शब्दांत हेच वाक्य माझ्यापर्यंत येत राहिले आहे. दरवेळी मी गप्प बसले. आज बसवत नाही.

आधी माझी एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी काहींनी ती माझ्या तोंडून ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐकावी.

1987 साली राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमच्या संस्थेचे नाटक होते आणि त्यात माझी भूमिका जेमतेम बारा-पंधरा वाक्यांची होती. प्रयोगाच्या दिवशी दुपारी नेपथ्य लागत होते. फळ्या ठोकल्या जात होत्या, कुठे खळ आणि ओल्या रंगाचा वास येत होता आणि मी रंगमंचाच्या मध्यावर उभी राहून घसा ताणून माझी वाक्ये म्हणत होते. तिथे पडद्याच्या दोरीवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते हातातले काम टाकून खाली उतरले आणि सावकाश चालत अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथून म्हणाले, "पोरी, आवाज ढकलू नको. नुसता ठेव. थेटर नेतंय पुढं." मी पुन्हा म्हणून पाहिले. "अजून कमी," ते म्हणाले. मी आणखी आवाज उतरवला. माझे सगळ्यात अवघड वाक्य होते, "ते आले नाहीत तरी ताट मांड." मी ते इतक्या हळू म्हटले, की माझे मलाच ते छातीत ऐकू आले. मामांनी शेवटच्या रांगेतून हात वर केला. ऐकू आले होते.

आमच्या दिग्दर्शकांनी त्या रात्री ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगितले. माझी आई नाटकाला आली होती, हे मला ठाऊकच नव्हते. माझे नाटकात काम करणे तिला पसंत नव्हते, म्हणून ती कोणाला न सांगता आली आणि मागच्या दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसली. माझ्या आईला लहानपणापासून कानाचा त्रास होता. डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे आणि उजवा अर्धामुर्धा. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत, ते याच कारणाने. त्या रात्री मी उशिरा घरी पोहोचले. आईने एक शब्द न बोलता पाट मांडला, ताट वाढले आणि भाकरी मोडताना माझ्याच स्वरात, तितक्याच हळू म्हणाली, "ते आले नाहीत तरी ताट मांड."

तिने माझ्या अभिनयाविषयी आयुष्यात दुसरा अभिप्राय दिला नाही. मला दुसऱ्याची गरजही पडली नाही.

हे मी एवढे सविस्तर सांगते आहे, कारण मंडईतल्या त्या गृहस्थांना जळालेली वस्तू म्हणजे चार भिंती, खुर्च्या आणि छप्पर एवढेच दिसते. मला त्या वास्तूत एक अर्धबधिर बाई दिसते, जिच्यापर्यंत एक कुजबुज पोहोचली होती. ती पोहोचावी म्हणून कोणीतरी विचार केला होता, पैसा ओतला होता आणि ही वास्तू उभी केली होती.

तो विचार करणारा माणूस कोण, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. पण आता वाटते की सांगायला हवे, कारण आपण छत्रपती शाहू महाराजांचे नाव भाषणात घेतो आणि त्यांनी जे हाताने करून ठेवले ते विसरतो. 1902 साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहे पाहिली, रोममधला प्राचीन आखाडाही पाहिला. त्याच वर्षी, 26 जुलै 1902 रोजी, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांमधल्या पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवते. शाळेच्या पुस्तकात एक समाजसुधारणेच्या धड्यात येते आणि दुसरी कलेच्या आश्रयाच्या परिच्छेदात, आणि कोणीही त्या एकत्र वाचत नाही. मला मात्र ते एकाच मनाचे काम वाटते. मागे बसलेल्या माणसापर्यंत नोकरीही पोहोचली पाहिजे आणि आवाजही पोहोचला पाहिजे.

परत आल्यावर त्यांनी खासबागेत आधी कुस्तीचे मैदान बांधले, ते 1912 मध्ये पूर्ण झाले. कुठेही बसले तरी कुस्ती स्पष्ट दिसावी, अशी त्याची चढती बैठक आहे. मग त्या मैदानाला लागूनच ऑक्टोबर 1913 मध्ये नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि ऑक्टोबर 1915 मध्ये ते उभे राहिले. जगात पहिले महायुद्ध पेटले होते आणि आपल्या या लहानशा संस्थानी गावात दगडी भिंतींचे, प्रेक्षकाच्या नजरेच्या आड एकही खांब न येणारे नाट्यगृह तयार झाले. त्याचे नाव पॅलेस थिएटर. तेव्हाचे कोल्हापूर म्हणजे आजचे महानगर नव्हे. मिरजेहून येणारी रेल्वे गावात आली त्याला पंचवीस वर्षेसुद्धा झाली नव्हती. नाटक मंडळ्या पेट्या, पडदे आणि बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरत आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला मांडव किंवा पत्र्याची शेड येई. नाटकात काम करणाऱ्या माणसाला घर भाड्याने मिळणे अवघड होते. 'नाटक्या' ही शिवी होती. माझ्या आईच्या पिढीपर्यंत ती शिवीच होती, म्हणून तर ती लपून आली. अशा काळात एका राजाने या माणसांसाठी दगडात वास्तू बांधली. तालमीतला मल्ल आणि रंगपटातला नट यांना पाठीला पाठ लावून घर दिले. एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला नांदी, असे आणखी कुठे आहे, मला दाखवा.

महाराजांची आणखी एक हकीकत आहे आणि ती आठवली की मला दरवेळी आई आठवते. नारायण राजहंस नावाचा गोड गळ्याचा मुलगा होता, त्याला कानाने कमी ऐकू येत असे. महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला पाठवले. पुढे तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि बालगंधर्व म्हणून गाजला. ज्या माणसाला गाणाऱ्याच्या कानाची काळजी वाटली, त्याने बांधलेल्या घरात माझ्या आईच्या कानाची सोय झाली, असे मी मनाशी जोडून घेतले आहे. हा माझा भाबडेपणा आहे असे कोणी म्हणाले तरी चालेल, मी ते सोडणार नाही.

आता ज्यांचे नाव त्या वास्तूला आहे, त्यांच्याविषयी. केशवराव भोसले यांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा, याच कोल्हापुरातला. लहान वयातच ते नाटक कंपनीत गेले आणि 1908 च्या पहिल्या दिवशी हुबळीला त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. वय किती, तर सतरा. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमान' या संगीत नाटकात ते नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी. मराठी रंगभूमीवरचे दोन सर्वांत मोठे गळे त्या रात्री एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि 4 ऑक्टोबर 1921 रोजी विषमज्वराने केशवराव गेले. एकतिसाव्या वर्षी. पुढच्या मे महिन्यात महाराज गेले, तेही पन्नाशीच्या आत. बांधणारा गेला, गाणारा गेला आणि वास्तू मागे राहिली.

संस्थान 1949 मध्ये विलीन झाले आणि 1957 मध्ये पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. राजवाड्याची ओळख सांगणारे नाव उतरवून एका नटाचे नाव लावावेसे गावाला वाटले, यातच त्या वास्तूचा प्रवास आला. मामांसारखी जुनी माणसे शेवटपर्यंत 'प्यालेस थेटर'च म्हणत राहिली, ती गोष्ट वेगळी.

आणि ते जळाले कधी, तर 8 ऑगस्टच्या रात्री. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रात्री अकराच्या सुमारास तिथे पोहोचले, तेव्हा मिरजकर तिकटीच्या पुढे जाऊ देत नव्हते. आकाश लाल झाले होते. माणसे गच्च्यांवर उभी होती, कोणी मोठ्याने बोलत नव्हते. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा उभा होता, त्याच्या अंगात रंगाचे डाग पडलेला सदरा होता, नेपथ्याचे काम करणारा असावा. आतून काहीतरी मोठे कोसळल्याचा आवाज आला आणि तो मुलगा रस्त्यात मटकन खाली बसला. मला त्याक्षणी फक्त शेवटची रांग आठवली. मागच्या दाराजवळची. आई त्याच्या काही वर्षे आधीच गेली होती आणि ते पाहायला ती नव्हती, याचे मला त्या रात्री बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे तिथे होतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी तिथे पाहिले. गावातले ज्येष्ठ कलावंत लहान मुलांसारखे रडत होते. काळ्या पडलेल्या दगडी भिंतींकडे पाहत आपण एकमेकांचे हात धरले होते आणि 'जसे होते तसे उभे करू' असे प्रत्येक तोंडातून येत होते. आता कुठे गेले ते शब्द? मी कोणा एकाला दोष देत नाही. आग का लागली, चूक कोणाची, याविषयी मी येथे एक अक्षर लिहिणार नाही. मी तुमच्याआमच्याविषयी लिहिते आहे. आपल्याला हुंदका पुरला. त्यानंतर 'झकास एसी हॉल' हे शब्द ज्यांच्या तोंडी आले, ती आपलीच माणसे आहेत, परकी नव्हेत. त्यांच्यासमोर आपण मान डोलावली. मी आज मंडईत डोलावली नाही, पण गप्प बसले, आणि ते डोलावण्याइतकेच वाईट.

मान्य आहे, जुन्या नाट्यगृहात उन्हाळ्यात जीव नकोसा होई. स्त्री कलावंतांची रंगपटात जी गैरसोय व्हायची ती मी स्वतः सोसली आहे. अग्निरोधक यंत्रणा आजच्या काळातली हवी, तारा नव्या हव्यात, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला आत येता आले पाहिजे, यावर माझे भांडण नाही. नाटकाला पूर्वीसारखी गर्दी होत नव्हती, हेही खरे आहे. अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर चांगले प्रयोग झालेले मी पाहिले आहेत. पण गर्दी नसल्याचे पाप दगडांवर कशाला घालता? आपण घरात बसलो होतो, नाट्यगृह तर जागेवरच होते.

माझे भांडण दुसरेच आहे. 'जसे होते तसे' याचा अर्थ लोक बाहेरची दगडी दर्शनी बाजू असा घेतात. फोटोत तीच येते. ती उभी राहील, रंगीत दिवे पडतील, समोर उभे राहून मुले सेल्फी काढतील आणि सगळ्यांना वाटेल की झाले. आणि आत? नाट्यगृहाचा आवाज दर्शनी दगडात नसतो. तो दालनाच्या उंचीच्या आणि रुंदीच्या प्रमाणात असतो, छताच्या आकारात असतो, रंगमंचाच्या लाकडात असतो, शेवटची खुर्ची किती अंतरावर आहे त्यात असतो. त्या दालनात गुबगुबीत खुर्च्या आणि जाड गालिचे अंथरले, वरून कृत्रिम छत टाकले, तर शब्द अर्ध्या वाटेत विरून जातो. वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर तर कुजबुजीला जिवंतच ठेवत नाही. मग म्हणतात, ध्वनिक्षेपक आहे ना! आहे. नव्या सभागृहांत तो असतोच आणि नट तोंडाजवळ यंत्र लावून बोलतो, आवाज डोक्यावरच्या पेटीतून येतो, बोलणारा एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. माझ्या आईला पेटीतला आवाज कधीच नीट कळत नसे. रेडिओचे शब्द तिला लागत नसत, दूरचित्रवाणीसमोर ती नुसती चित्रे पाहत बसे. त्या एका रात्री मात्र तिने शब्दच नव्हे, स्वरही जसाच्या तसा घरी आणला.

मला माहीत आहे की पुनर्बांधणीत जाणकार मंडळी आहेत आणि कळकळीने काम करणारेही आहेत. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. फक्त कामाचा आराखडा, मोजमापे, दगड, लाकूड, रक्कम हे सगळे कागदावर येते आणि मामांचा वर गेलेला हात कागदावर येत नाही. तो कोणत्या रकान्यात लिहायचा? कोणत्या दराने? म्हणून तो आपण, प्रेक्षकांनी, ओरडून मागायला हवा. प्रेक्षक गप्प बसला तर बांधणाऱ्याला कसे कळणार की शेवटच्या रांगेत काय ऐकू यायचे?

आणि लग्नकार्य! त्या शब्दाने मी आज सगळ्यात जास्त दुखावले गेले. गावात कार्यालयांना तोटा आहे का? ज्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी नट वाकून मातीला हात लावून तो कपाळी नेतो, तिसऱ्या घंटेआधी जिथे धूप फिरतो, तिथे आहेराची टेबले मांडणार? हे लिहितानासुद्धा माझा हात थरथरतो आहे. त्या गृहस्थांना मी ओळखते, ते वाईट मनाचे नाहीत. त्यांनीच एकेकाळी त्या दारात तिकिटासाठी तासभर उभे राहून मला जागा मिळवून दिली होती आणि मध्यंतरात खाऊ गल्लीतून भेळ आणून दिली होती. त्यांच्याविषयी राग धरून बसावे असे नाही. मला वाटते, ते दुःख त्यांना सोसवले नाही, म्हणून त्यांनी 'बरंच झालं' असा तोडगा काढला. माणसे मर्तिकाच्या घरीही असे बोलतात. सुटले बिचारे, म्हणतात.

मामा 1990 नंतर कधीतरी काम सोडून गावी गेले, पुढे त्यांचे काय झाले हे मला कळले नाही. मी त्यांचे नावही कधी विचारले नाही आणि ही खंत मला आज फार जाणवते आहे. केशवरावांचे नाव दारावर आहे, महाराजांचे नाव इतिहासात आहे. दोरी ओढणाऱ्यांची, पडदे रंगवणाऱ्यांची, नारळ फोडून उदबत्ती लावणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. आगीनंतर कितीतरी दिवस हातावर पोट असलेली ही रंगमंचामागची माणसे कामाविना होती. आपण वास्तूसाठी रडलो, ते रास्तच होते. त्यांच्या घरी चूल कशी पेटली, हे मी तरी जाऊन विचारले नाही.

माझी एकच मागणी आहे आणि ती मी ज्याला त्याला सांगणार आहे. नाट्यगृह तयार होईल तेव्हा, उद्घाटनाच्या, हारतुऱ्यांच्या आणि भाषणांच्या आधी, एक दुपार रिकामी ठेवावी. ध्वनिक्षेपकाची तार जोडू नये, यंत्रे बंद असावीत. रंगमंचाच्या मध्यावर कोणत्याही शाळेतली एक मुलगी उभी करावी आणि तिला तिचे वाक्य हळू म्हणायला सांगावे. मागच्या दाराजवळच्या शेवटच्या रांगेत मी बसेन. दोन वर्षांपासून मला डाव्या कानाने कमी ऐकू येते आहे, डॉक्टर म्हणाले की आईकडून आले आहे. उजवा अजून बरा आहे. मला ऐकू आले तर मी हात वर करेन.